सायकली गेल्या कुठे?

जांभूळ चौकात गणोबा सात दिवस ठाण मांडून होता. गणोबा म्हणजे वाहनं मोजणारा यंत्रमानव. उंची जेमतेम तीन फूट, पण ऐट अशी की चौक जणू त्याच्या वडिलांनी बांधलाय. त्याच्या अहवालावर इथे सायकलमार्ग होणार की नाही ते ठरायचं होतं, आणि आठवीतल्या शाल्मलीचा सगळा जीव त्यात अडकला होता. मार्ग झाला तरच आई तिला शाळेत एकटीला सोडणार होती. तोवर तिच्या सायकलमागे आईची स्कूटर रोज गोगलगायीसारखी यायची आणि वर्गातली पोरं हसून लोळायची.

सातव्या दिवशी शाळेतून परतताना तिनं गणोबाला निकाल विचारला.

"शाळेच्या वेळेत सायकली शून्य," गणोबा म्हणाला.

शाल्मलीला रडूच आलं. एकट्या तिच्या वर्गातली एकोणीस मुलं इथून सायकलनं यायची! आई म्हणाली, यंत्राशी कसली हुज्जत घालतेस, चल घरी. पण शाल्मली हटेना. तू सायकल ओळखतोस तरी कशी, असं तिनं विचारलं. गणोबानं आपला निकष (ओळखण्यासाठी आधीच ठरवलेली खूण) सांगितला: दोन चाकं, सीटवर माणूस आणि पायाखाली फिरतं पॅडल.

आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इथे मोटारी सुसाट वळतात, म्हणून घरोघरी मुलांना एकच ताकीद होती: चौक आला की उतरायचं आणि सायकल ढकलत पलीकडे जायचं. तिनं तसं करून दाखवलं आणि विचारलं, "आता मी कोण?"

"सामान घेतलेला पादचारी (पायी जाणारा माणूस)," गणोबा म्हणाला. आईला हसू आवरेना.

गणोबानं साठवलेली चित्रं पुन्हा तपासली. असे सामानवाले दिवसाला सव्वाशे निघाले. बेरीज बरोबर होती, निकषच अपुरा होता. शिवाय मुलं जिथे उतरतात तिथेच रस्ता त्यांना घाबरवतो, हेही त्याला उमगलं. त्यानं त्या जागा नकाशावर मांडल्या, तर सगळे ठिपके एकाच रुंद वळणाशी दाटले. वळण रुंद असलं की मोटारीला वेग कमी करावा लागत नाही, अरुंद केलं की करावाच लागतो, हे त्यानं आईला समजावलं आणि अहवाल नव्यानं लिहिला.

तीन महिन्यांत वळण अरुंद झालं, शेजारी सायकलमार्ग आला. गणोबा पुढच्या गावी गेला. तिथे मोजणी सुरू करण्याआधी तो मुलांशी बोलणार होता.

सोमवारी शाल्मली चौकाशी आली. सवयीनं पाय टेकणार, तोच तिनं जोरात पॅडल मारलं आणि पलीकडे गेल्यावर मागे पाहिलं. आई खरंच आली नव्हती. शाल्मलीला इतका आनंद झाला की ती शाळेच्या फाटकावरून तशीच पुढे निघून गेली.