खुळखुळ्यातलं विष

"आजोबांचं झुडूप कुणी उपटलं?" देबे इतक्या जोरात ओरडला, की पलीकडच्या टेकाडावर शहामृगीण अंड्यांवरून उठली.

झुडूप उन्हात आडवं पडलं होतं. मुळांजवळच्या मातीतले भुंगेऱ्यांचे कोश गायब! आतल्या अळ्यांचं विष बाणाला लावलं, की जिराफही आडवा होतो. आजोबा हंगामाला मूठभरच कोश घेत. आता विष नाही, म्हणजे शिकार नाही. घरात खाणारी तोंडं बारा.

देबेची बहीण खुना खड्ड्याशी वाकली. तिला एवढा राग आला होता, की तिच्या सावलीत शिरलेला सरडा चटका बसून पळाला.

"बूट," ती मातीकडे बघत म्हणाली. "डावी टाच फाटकी. खणून दमला, इथे बसला."

"आपण शाळेत अडकलो की या चोरांना रान मोकळं," मामेभाऊ गाशे म्हणाला.

"आता सुट्टी आहे. चला," म्हणत खुना मागावर निघाली.

माग थेट रस्त्याकडेच्या योहान्सच्या दुकानात गेला. तो पर्यटकांना रानफळाच्या कवट्यांचे खुळखुळे विकत होता. एक बाळ खुळखुळा चावत होतं. खुनाने तो हिसकावला. बाळाने भोकाड पसरलं.

"काका, आत काय आहे?"

"खडे गं, वाळवंटातले."

"मग एक खडा फोडून दाखवा."

गिऱ्हाइकांसमोर नाही कसं म्हणणार? योहान्सने खुळखुळा उघडून आतला एक 'खडा' अंगठ्याने फोडला. पिवळी अळी वळवळली.

"हिचं विष रक्तात गेलं, की जिराफ पडतो," खुना शांतपणे म्हणाली. "काका, फावड्याने हाताला आलेले फोड फुटलेत का हो?"

योहान्सने तळहात पाहिला आणि पाण्याचं अख्खं पिंप हातावर रिकामं केलं.

"घेऊन जा! सगळे खुळखुळे घेऊन जा!"

"नुसते खुळखुळे नकोत. फावडं उचला. ज्याने खणलं, त्यानेच पुरायचं."

दुपारभर खुना त्याच्या डोक्यावर उभी राहिली. कोश मातीत गेले, झुडूप पुन्हा खड्ड्यात उभं राहिलं. तुटलेल्या फांद्याही मुलांनी भोवती रोवल्या. त्या झाडाची फांदीसुद्धा मूळ धरते.

संध्याकाळी आजोबा आले. त्यांच्या लोकांत जेवढी मोठी शिकार, तेवढी ती आणणाऱ्याची टर उडवतात. तोंडावर गोड बोलतात ते परक्याशी.

"या काटक्या?" आजोबा नाक मुरडून म्हणाले. "यासाठी मला चालवलंत? तिघांपेक्षा एक आंधळं कासव पाळलं असतं तर बरं झालं असतं."

मुलांच्या माना ताठ झाल्या.

मग आजोबा वळले. "योहान्स, तू मात्र फार छान खणतोस हं."

योहान्स खूश होऊन हसला. सकाळपासून दात आवळून बसलेल्या खुनाला तेव्हा कुठे हसू फुटलं.