विसाव्याला टाकलेलं रान

त्या संध्याकाळी रानात मोजून तिघं होती. आत्या, तिची भाची आणि ट्रॅक्टरवाला.

चौथं कुणी नव्हतं.

हे आधीच सांगितलेलं बरं. घटना खरी आहे, आणि ऐकणारा पहिल्यांदा हेच विचारतो.

रान वर्षासाठी पड टाकलेलं होतं. पिकं काढून काढून माती दमली होती, तिला विसावा म्हणून. अजून निम्मं वर्ष बाकी होतं. पण भाची मातीचं शास्त्र शिकून आली, तिने माती तपासली आणि म्हणाली, "पेरायला हरकत नाही." आत्याने डोळे मिटून विश्वास ठेवला. होतं नव्हतं ते बियाण्यात घातलं.

नमुना मात्र भाचीने एकाच जागचा घेतला होता... बांधालगतचा. उन्हात रानभर फिरायचा कंटाळा. तिथे पूर्वी शेणखताचा ढीग असायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नांगर निम्म्या रानापर्यंत आला, तेव्हा तिच्या लक्षात आलं...

नांगरामागे किडे टिपायला एकही पक्षी उतरला नव्हता.

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. "घरघर येतेय. म्हटलं, आमच्या म्हातारीला दमा लागला की काय." म्हातारी म्हणजे त्याचा ट्रॅक्टर.

इंजिन गप्प झालं.

घरघर चालूच होती...

आत... बाहेर... कच्च्या झोपेतून उठवलेल्या माणसासारखी.

नांगराने पाडलेल्या ताज्या चरांतून येत होती.

"वारा असेल," भाची म्हणाली. पानही हलत नव्हतं.

आत्या वाकली. ढेकळावर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अगं, तू तपासलं होतंस ना?"

विचारण्यात संशय नव्हता. म्हणूनच भाचीला मान वर करवेना.

"आत्या... मी मधली माती घेतलीच नाही. जुन्या खताच्या जागेवरची घेतली."

आत्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त ट्रॅक्टरवाल्याकडे वळली.

"नांगर उचल रे," ती म्हणाली. इतक्या हळू, की जणू जवळच कुणी निजलंय.

भाचीने पिशवीतून मातीचा थर्मामीटर काढला. निदान आता तरी नीट मोजायचं. थंडी पडू लागली होती, तरी तिच्या कपाळावर घाम होता.

शेजारचं रान, एक फूट खोल: वीस अंश.

नांगरलेलं रान, एक फूट खोल, तीन वेगळ्या जागी: सदतीस. सदतीस. सदतीस. जित्या माणसाच्या अंगाइतकं.