पाताळकाटा

टॅल्मन गावात माणसं एकमेकांना वाट्टेल ते विचारतात. गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, थोरलीचा घटस्फोट झाला का, चर्चमधल्या पाद्रीबाबांचं आणि कॉयरमध्ये गाणाऱ्या बाईंचं नक्की काय चाललंय, सगळं. पण तुमच्या बोअरला पाणी किती आहे, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. पश्चिम कॅन्ससमध्ये हे शिष्टाचाराला सोडून समजतात. दोन-तीन पिढ्यांत तो शिष्टाचार कोणी मोडलेला नव्हता, आणि ऋजुता मसुरेकरनेही तो मोडला नाही. सगळी गडबड झाली ती तिथेच.

ऋजुता विद्यापीठात भूजलशास्त्र शिकवायची. मूळची मिरजेची, वडिलांचं शेंगांचं दुकान, त्यामुळे वजनकाट्याशी तिची ओळख बालवाडीच्याही आधीची. अकरा वर्षं खपून तिच्या गटाने एक यंत्र तयार केलं होतं. त्याचं इंग्रजी नाव एका दमात घेता यायचं नाही, म्हणून ती आपली मनातल्या मनात त्याला पाताळकाटा म्हणायची. छोट्या विमानाच्या पोटाखाली तो बसवायचा आणि शेतांवरून घिरट्या घालायच्या. पाण्याने भरलेली वाळू कोरड्या वाळूपेक्षा जड, त्यामुळे तिची ओढही काकणभर जास्त. गोठणबिंदूच्या कितीतरी खाली नेलेल्या अणूंकडून ही काकणभर ओढ मोजून घेतली, की खाली पाणी किती उरलंय आणि ते कुणीकडे सरकतंय, हे शेतागणिक कळायचं. उपसा असाच चालू राहिला तर मोटर किती वर्षांनी कोरडी पडेल, तेही कळायचं. पूर्वी शास्त्रज्ञ सांगायचे ते सगळ्या प्रदेशाचं, मोघम. ते ऐकून लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन मोटर लावायचे. आता कळत होती ती ज्याची त्याची वर्षं.

जून महिन्यात तिने हॅलोवे काउंटीतल्या एक्केचाळीस शेतकऱ्यांना आपापला आकडा कळवला. पिवळ्या लिफाफ्यात, गुपचूप. ज्याचं त्याला, शेजाऱ्याचं चकार शब्दाने सांगायचं नाही, असा लेखी करार होता. आकडा पाहिला की माणसं शहाणी होतील, उपसा कमी करतील, असा तिचा हिशेब. जुलैअखेर तिने मोटरींचे मीटर तपासले, आणि खात्री होईना म्हणून पुन्हा तपासले. उपसा कमी झाला नव्हता. तो पाव हिश्शाने वाढला होता!

ती तडक डोना फ्रीझनच्या घरी गेली. डोना सत्तरीला टेकलेली, नवऱ्यामागे एकटीने मका पिकवणारी, तोंडाची फटकळ. खिडकीबाहेर तिचा पिव्हट फिरत होता. पिव्हट म्हणजे शेताच्या मधोमध एक टोक रोवलेला, चाकांवर गोल फिरणारा चारशे मीटर लांबीचा पाण्याचा पाइप.

"डोना, तुम्ही मोटर वाढवलीत?"

"वाढवली. मग?" डोनाने ॲपल-पायचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "नऊ वर्षं, ऋजुता. तुझ्या कागदात लिहिलंय, नऊ. बाकीच्यांना पंचवीस-तीस असणार. नाहीतर हे सगळे असे दिवसरात्र उपसतायत कशाच्या जिवावर? मी मोटर बंद ठेवून माझं पाणी त्यांच्या घशात घालू होय?"

ऋजुताच्या हातातला काटा तसाच राहिला. एक्केचाळीसपैकी चौतीस जणांना बारापेक्षा कमी वर्षं होती, आणि त्या प्रत्येकाला वाटत होतं की एकट्या आपलंच नशीब फुटकं. शेजारी गब्बर आहे, तो आपल्या खालून ओढतोय, तर आपणही ओढा! तिने खरं सांगितलं होतं, पण एकेकाच्या कानात. हे डोनाला सांगायची तिला सोय नव्हती. करारावर तिचीच सही होती. आपण केवढी घोडचूक केली, या विचाराने तिला तोंडातला घास गिळवेना.

"काय गं, बिघडलाय का?" डोनाने विचारलं.

"ॲपल-पाय छान आहे," ऋजुता उठत म्हणाली. "मीच बिघडवलंय. आता निस्तरते."

निस्तरायला तिला एकच माणूस आठवला, सिनेटर वेन स्ट्रेकर. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, सिनेटमध्ये तीस वर्षं, आणि आता सहाव्यांदा उभे. पाताळकाट्यासाठी वॉशिंग्टनमधून निधी आणला तो त्यांनीच. सगळ्यांनी मिळून उपसा चाळीस टक्के कमी करायचा आणि त्या बदल्यात नुकसानभरपाई घ्यायची, असं पाण्याचं विधेयकही त्यांचंच. ते मंजूर झालं तर इथलं पाणी साठ वर्षं पुरणार होतं. विधेयक ज्या समितीपुढे होतं, तिचे ते अध्यक्ष. ते पडले की विधेयकही पडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. समोर उभा होता ट्रॅव्हिस लोवेन, चाळिशीतला, गोड हसणारा. कोणी काही कमी करू नका, मी मिसूरी नदीचं पाणी पाइपने तुमच्या दारात आणतो, असं त्याचं वचन. नदी सहाशे किलोमीटर लांब, आणि सगळा रस्ता चढाचा. पण निवडणुकीत नद्या चढावरही वाहतात.

प्रचाराची कचेरी बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात होती. सिनेटर आणि त्यांची प्रचारप्रमुख कोर्टनी यांच्यासमोर ऋजुताने सगळं मांडलं. "आता एकच उपाय आहे. येत्या शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत गाव बोलवायचं. जे संमतीची सही देतील त्यांचे आकडे नावानिशी, मोठ्याने वाचायचे. सगळ्यांसमोर, एका दमात. सगळे एकाच खड्ड्यात आहोत हे एकदा डोळ्यांनी दिसलं, तरच कोणी थांबेल."

"निवडणूक झाली की वाच ना," कोर्टनी म्हणाली. "बारा आठवड्यांचा तर प्रश्न आहे. आत्ता घबराट झाली, तर लोक ट्रॅव्हिसच्या पाइपला लटकतील."

"ती म्हणतेय त्यात तथ्य आहे," सिनेटर शांतपणे म्हणाले. "मी हरलो तर तुझे आकडे नुसते आकडे राहतील, ऋजुता. जिंकलो, तर त्यांचा कायदा होईल."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला राग आला. "सतरा जणांनी आणखी खोल बोअरचे अर्ज टाकलेत. बोअर मारायच्या मशिन्स पुढच्या आठवड्यात येतायत. तुमचा कायदा होईल हो, पण वाचवायला खाली पाणी नको? आणि सिनेटर, तुमचाही लिफाफा माझ्याच हातून गेलाय. त्यात काय आहे ते आपल्या दोघांना माहीत आहे."

कोर्टनीने चमकून दोघांकडे पाहिलं. सिनेटरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकतीस," ते म्हणाले. "इथला जमिनीखालचा थर बशीसारखा आहे, आणि माझी जमीन त्या बशीच्या मधल्या खळग्यावर, कोर्टनी. आजूबाजूचं पाणी सरकत सरकत माझ्याच मोटरीला येतं. आज माझे चार पिव्हट जे शिंपतात, त्यातलं निम्मं डोना फ्रीझनच्या खालचं. जूनपासून ठाऊक आहे मला."

"अरे देवा!" कोर्टनी मटकन खुर्चीत बसली. "सिनेटर, हे वाचलं तर उद्याच्या उद्या आपण संपलो. तीस वर्षं शेजाऱ्यांचं पाणी प्यायला, असे फलक लागतील नाक्यानाक्यावर."

"तुमच्यावर जबरदस्ती नाही," ऋजुता म्हणाली. "ज्यांच्या सह्या मिळतील त्यांचे मी वाचणार. दोन मिळाल्या तर दोन."

सहा दिवस ती दारोदार हिंडली. धुळीने गाडीचा रंग ओळखू येईना. डोनाने पहिली सही केली, वर म्हणाली, "आता माझी फजिती सगळ्यांनी बघितली तरी चालेल, पण त्यांचीही मला बघायचीय." काहींनी दार उघडलं नाही. डोनाचा बांधाला बांध असलेला शेजारी डेल अंगर याने ट्रॅव्हिसच्या प्रचाराची लाल टोपी डोक्यावर नीट बसवली, आणि माझं पाणी हा माझा खासगी मामला आहे, असं सांगून तिला फाटकापर्यंत पोचवलं. पण कुठे कुठे नवरा नाही म्हणाला आणि बायकोने त्याच्या हातात पेन दिलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत सव्वीस सह्या झाल्या. स्ट्रेकरांचा कागद कोराच होता. तिला वाईट वाटलं, पण आता वाट बघण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी सकाळी दहाला व्यायामशाळा खचाखच भरली. बास्केटबॉलच्या जाळीखाली पडदा लावला होता. त्यावर सही केलेल्या प्रत्येक शेताची एक हिरवी रेघ. मोटर आत्ता, या क्षणाला किती उपसतेय ते दाखवणारी. ट्रॅव्हिसची पोरं फोन उंचावून चित्रण करत होती. ऋजुताने कागद हातात घेतला, आणि तेवढ्यात मागचं दार उघडून सिनेटर आत आले. सोबत कोर्टनी नव्हती. ते सरळ पुढे आले आणि घडी घातलेला कागद त्यांनी तिच्या हातात दिला. खाली सही होती.

"माझं आधी वाच," ते म्हणाले. "आणि पाणी कुणीकडे सरकतं ते बाणसुद्धा दाखव."

"नक्की?"

"हरलो तर हरलो. पण डोनाच्या पाण्यावर निवडून यायचं नाही मला."

तिने पडद्यावर त्यांचीही रेघ आणि पाण्याचा नकाशा आणला, आणि वाचलं. एकतीस वर्षं. नकाशावरचे निळे बाण चारी बाजूंनी स्ट्रेकरांच्या शेताकडे वळलेले सगळ्यांनी पाहिले, आणि सभागृहात एकच कालवा उठला. "तीस वर्षं आम्हांला बचतीचे डोस पाजले याने!" कोणीतरी ओरडलं. "चोर!" म्हणून दुसरं कोणी. सिनेटर उभेच राहिले, हातसुद्धा वर केला नाही त्यांनी.

ऋजुताने आवाज चढवला आणि ती पुढचे वाचत सुटली. फ्रीझन, नऊ. पेनर, सात. कास्टिलो, अकरा. हीबर्ट, सहा. वर्कंटिन, आठ. दहाव्या नावापर्यंत ओरडा थांबला. पंधराव्या नावाला माणसं आकड्यांकडे बघेनाशी झाली. ती एकमेकांकडे बघू लागली. तुलाही? तुझंही? उन्हाळाभर एकमेकांना मनातल्या मनात शिव्या घातलेली माणसं ती. सव्विसाव्या नावानंतर तिने कागद खाली ठेवला.

डोना उठली. "वेन, तुझ्याशी माझं भांडण आहे, ते मी सावकाश करीन. आधी मला हे सांगा, मोटर पहिली कोण बंद करणार? आज. भाषण नकोय मला."

ऑगस्टचा मध्य. कणसांत दाणा भरत होता; या दिवसांत पाणी तोडणं म्हणजे पिकाच्या नरडीला नख लावणं. सगळ्यांच्या माना सिनेटरांकडे वळल्या. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला, आणि पिव्हट चालवायचं ॲप शोधण्यात इतका वेळ घालवला की मागे कोणीतरी खुसखुसलं. मग त्यांनी एकेक करून चार वेळा बोट टेकवलं. पडद्यावरची त्यांची रेघ थरथरली, उतरत गेली आणि तळाला टेकली.

"हंगाम संपेपर्यंत बंद," ते म्हणाले. "मला मत द्या, नका देऊ."

"तुला काय जातंय?" मागून डेल अंगर गरजला. "तुझ्याकडे एकतीस आहेत!" मग तो ऋजुताकडे वळला. "आणि याच्यामागून आम्ही थांबलो, आणि बाकीचे नाही थांबले, तर?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिला खोटं बोलता आलं असतं; धीर येईल असं काहीतरी.

"बाकीचे नाही थांबले, तर थांबणारे बुडतील," ती म्हणाली. "सगळे थांबले तर साठ वर्षं. मधलं काही नाही. मला जमिनीखालचं दिसतं, डेल. तुमच्या मनातलं नाही दिसत."

पडद्यावर बाकीच्या सव्वीस रेघा तशाच वर होत्या. ऋजुताने टेबलाची कड घट्ट धरली होती. आता तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि तरी ती तिथून हलणार नव्हती. डोनाने पर्समधून फोन काढला. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत, लोकांचे पाय तुडवत ती मागे गेली आणि डेल अंगरच्या पुढ्यात उभी राहिली. चाळीस वर्षांपासूनचा बांधशेजारी. त्याच्या बोअरचा आकडा तिने आजतागायत विचारला नव्हता, आणि आजही नाही विचारला.

"डेल," ती म्हणाली, "माझा अंगठा बटणावर आहे. तुझा कुठंय?"