बॉनेटवरचे तीन ठोके

भुतं रात्री येतात म्हणतात. हे भर दुपारी घडलं. आमच्याच गॅरेजमध्ये, दोन्ही शटर वर असताना. कुणाला पटवून द्यायला मी बसलेली नाही. माझ्या बाबतीत घडलं, म्हणून लिहितेय.

बाबा डिझेल मिस्त्री होते. शेवटचे काही महिने ते स्वतःच्याच गाडीच्या मागे लागले होते. गावाबाहेरच्या चढावर मध्येच तिचा दम जायचा. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची शिट्टी बंद, पिकअप शून्य... आणि थोड्या वेळाने सगळं ठीक. जणू काही झालंच नाही.

दादाने ती मोठ्या वर्कशॉपमध्ये नेऊन कॉम्प्युटरला लावली. दोष सापडला नाही. तेव्हापासून घरात एकच सूर. बाबांना भास होतात.

मग एका सकाळी बाबा त्याच चढावर, गाडीतच गेले. हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, कळायलाही वेळ मिळाला नसेल.

पण गाडी कडेला नीट लावलेली होती. हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद.

"मरतानाही पार्किंग चुकलं नाही मिस्त्रीचं," छोटे काका म्हणाले आणि मग रडले. छोटे काका म्हणजे बाबांचे भागीदार. साठी आली तरी छोटेच.

दादा गाडी भंगारात द्यायला निघाला. अपशकुनी म्हणे. मी म्हटलं, दोष सापडल्याशिवाय ती इथून हलणार नाही. बाबांच्या मागे फक्त 'भास व्हायचे' एवढंच उरणार असेल, तर ते मला मान्य नव्हतं.

"गाडीशी भांडून बाबा परत येणार आहेत का?"

"नाही. पण तुझं तोंड तरी बंद होईल."

त्या दुपारी मी स्टिअरिंगमागे बसले. बॉनेट उघडलेलं. ते वर असलं की समोर फक्त पत्रा. पलीकडचा माणूस दिसत नाही.

लहानपणापासून हे माझं काम. बाबा इंजिनाला कान लावायचे आणि पान्याने पत्र्यावर ठोकायचे. एक ठोका, रेस दे. दोन, सोड. तीन, बंद कर. विचारायचं नाही, डोकावायचं नाही. ज्याचा कान इंजिनाला, त्याचं ऐकायचं. गॅरेजचा कायदाच होता तो.

छोटे काका पुढे वाकले होते. इंजिन पुरतं तापू दे, म्हणाले.

एक ठोका आला.

मी रेस दिली. शिट्टी चढली...

दोन ठोक्यांची वाट पाहिली. आले नाहीत. पुन्हा एकच. मी पाय आणखी दाबला. काका इतकं कधी ताणत नाहीत. तळव्याखालचा पत्रा थरथरत होता.

पुन्हा एक.

आणि मग...

शिट्टी थांबली.

इंजिन घुसमटलं. मागे काळा धूर.

टक. टक. टक.

मी चावी फिरवली.

"काका, सापडलं ना?"



उतरून पुढे गेले. तिथे कोणी नव्हतं.

एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारी जाड रबरी नळी आत ओढली जाऊन चपटी झाली होती. माझ्यादेखत ती फुगू लागली... झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी, सावकाश. मग पूर्ण गोल. जणू काही झालंच नाही.

छोटे काका शटरमधून आत आले. हातात कोपऱ्यावरच्या दुकानातली पिशवी.

"क्लॅम्प आणतो म्हणून ओरडून गेलो होतो. ऐकलं नाहीस? कोणाला विचारून ताणलंस एवढं?"

मी नळीकडे बोट दाखवलं. त्यांनी फडक्याने धरून दाबली. गार असताना टणक, तापली की मऊ. चढावर इंजिन जोरात हवा ओढणार, नळी मिटणार, गाडीचा श्वास कोंडणार. थांबलं की पुन्हा मोकळी. कॉम्प्युटरला काय दिसणार?

दादाच्या हातात मी तीच नळी दिली. त्याने दाबली. पुन्हा दाबली. भंगारवाल्याला नको म्हणून फोन त्यानेच केला.

मी घाबरले नव्हते. माझ्या बापाला मी का घाबरू?

नवी नळी बसवली आणि गाडी चढावर नेली. शिट्टी स्वच्छ. दम भरपूर. बाबा सापडले ते वळण आलं...

टक. टक. टक.

बॉनेट बंद होतं. समोर मोकळा रस्ता. पत्र्यावर काहीच नव्हतं.

हात चावीकडे गेला. सवय.

आणि तेव्हा आठवलं. हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद. कळायलाही वेळ नव्हता, तर बाबांनी ते बंद कोणाच्या ठोक्यांवरून केलं? कायदा त्यांचाच होता. ठोके आले की विचारायचं नाही.

मग गॅरेजमध्ये... इंजिनाला लागलेला तो कान कोणाचा होता?

"नाही," मी मोठ्याने म्हटलं. "बंद करणार नाही."

आणि पाय दाबला.

गाडी मी अजून चालवते. दादा म्हणतो, दुसरा रस्ता आहे की. आहे. पण मी तिथूनच जाते. बाबांचा चढ मी कोणाला देणार नाही.

त्या वळणावर तीन ठोके येतातच.

फक्त हल्ली ते बॉनेटवर येत नाहीत... काचेवर येतात. माझ्या बाजूच्या.

मी काच वर ठेवते, आणि पाय खाली.