बिघडायला शिकवलेली मेमरी

ऑफिसातला वरच्या मजल्यावरचा प्रिंटर रुसला म्हणून ती तळमजल्यावर गेली आणि भलतंच दार उघडून बसली. आत एक उंचसा तरुण डोळ्याला भिंग लावून चिमुकल्या चिपकडे बघत होता.

"दार लावा, धूळ येते," तो मान वर न करता म्हणाला. "गेली बिचारी."

"कोण गेली?"

"ही. चाळीस हजार वेळा लिहिली, पुसली. आज दम सोडला."

फ्लॅश मेमरीच्या चिपा लिहून-पुसून थकवायच्या आणि कुठली कधी मेली ते वहीत टिपायचं, हेच त्याचं काम. ऑफिसात सगळे त्याला यमदूत म्हणत. आणि ही बाई त्याच्याच पोटावर पाय देणारं काम करत होती, बरं का! साध्या डिस्कनं फ्लॅशचं सोंग घ्यावं, अशी सोय ती कर्नेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात करत होती. मग नवं सॉफ्टवेअर तपासायला खऱ्या चिपा माराव्याच लागणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या तोऱ्यात ते सोंग त्याला दाखवलं.

"छान आहे," तो म्हणाला. "पण ही खोटी चिप बिघडत कशी नाही?"

"का बिघडेल? खालची डिस्क धडधाकट आहे."

"तिथंच तर घोळ आहे. खरी चिप पुसताना एखादा तुकडा मधेच दगा देतो. तुमची आपली कायम 'झालं, झालं' म्हणते. हिच्यावर पास झालेलं सॉफ्टवेअर खऱ्या चिपवर तोंडघशी पडेल."

तिला राग आला. म्हणणं खरं होतं, म्हणून जरा जास्तच आला.

मग तो रोज दुपारी वही घेऊन वर यायला लागला. कुठला तुकडा किती वेळा पुसल्यावर बिघडावा, हे तपासणाऱ्याला बाहेरून ठरवता यावं, अशी कमांड दोघांनी मिळून आखली. ती लिहायची, तो चुका काढायचा.

"तुम्हाला सगळे घाबरतात का हो?" तिनं एकदा विचारलं.

"सगळे घाबरतात. तुम्हीच तेवढ्या… भांडता."

ती स्क्रीनकडे बघून हसली. घरी आई म्हणाली, "हल्ली ऑफिसला निघताना दोन-दोनदा आरसा बघतेस. मशीनला दिसतं का ते?"

काम संपत आलं आणि एका सोमवारी साहेबांनी सांगितलं, हा कोड कर्नेल सांभाळणाऱ्यांकडे पाठवला की खालची खोली बंद. यमदूताची बदली कारखान्यात, दोन तासांच्या वाटेवर. एवढी हुशारी करून आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मंगळवारी तिनं साहेबांना कोडमध्ये एक बग, म्हणजे दोष, सापडल्याचं सांगितलं. बुधवारी आणखी एक. गुरुवारी तो स्वतःच वर आला.

"कुठे आहे बग? सकाळपासून शोधतोय."

ती उगाच कीबोर्डवरची धूळ पुसू लागली.

"नाहीच आहे ना?"

"नाही," ती म्हणाली. "पाठवलं की तुम्ही जाल… म्हणून."

तो खुर्ची ओढून बसला. "काम झालं की मला जावं लागणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"तरी सगळं शिकवलंत?"

"काय करणार? चुकीचं सांगायला जमेना, आणि इथे येणं थांबवायलाही जमेना." त्यानं वही मिटली. "पाठव आता. चोख झालंय काम. ते अडवून मला थांबवलंस तर दोघांनाही बोचत राहील."

तिनं पाठवलं. डोळे भरून आले होते, पण बोट चुकलं नाही.

"आता माझं इथे काहीच काम उरलं नाही," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. "सुट्टीच्या दिवशी बिनकामाचा आलो, तर चालेल?"

"नको. आधी मी येईन," ती म्हणाली. "मला तू आवडतोस, एवढं तरी कळलंय ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. "कळलंय… पण पहिली बस सहाला सुटते. उठशील?"

"उठेन."

पुढच्या शनिवारी साडेपाचलाच ती स्टँडवर हजर होती. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, एकेरी की जाऊन-येऊन, आणि तिला उत्तर द्यायच्या आधीच हसू फुटलं.