तुडुमावरची हाक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे घडलेलं आहे, माझ्या सख्ख्या मामाबरोबर. गेल्या वर्षी, १९५७ च्या पौषात. गोंदियाच्या कडेला, मुर्रीच्या वाटेवरच्या जुन्या तलावावर. वेळ दिवेलागणीची.

टिकाराम मामा तिथला पाणकर. तुडुमाची खुंटी ओढून शेतांना पाणी सोडायचा. तुडुम म्हणजे साधी मोरी नव्हे हं! आमच्या कोहळी पूर्वजांनी दगडात दगड बसवून बांधलेलं तलावाचं दार ते.

रीत अशी, की आधी हाक द्यायची. पाटाच्या टोकाला बसलेल्या माणसानं जबाब दिला, तरच खुंटी ओढायची.

अठरा वर्षं जबाब रुख्मा मामी देत होती.

मामी त्याच्या दोन वर्षं आधी वारली. मग शेतं विकली गेली, प्लॉट पडले, घरं उठली. आता तलावही बुजवायचा होता. बुजवायच्या कामावरच्या मुकादमानं सांगितलं, आज शेवटचं पाणी सोड, उद्या तुडुम फोडू.

मामाच्या मनात एकच... तुडुम गेला, की हाक द्यायला जागाच उरणार नाही.

तो तुडुमावर चढला. तोंडाशी हात धरले.

"सोडू का वं?"



मुकादम हसला. "किसको पूछते, बाबा? उधर कौन बैठा है?"

"सोडू का वं?"

पाण्यावरची बदकं गप्प झाली...

तिसऱ्या हाकेला, घरांच्या पार पलीकडून...

"थांबा जी. बांध घालून राहिली."

मुकादम सायकल तिथंच टाकून पळाला.

मामा बसून राहिला. खुंटीला हात लावून, थंडीत, उजाडेपर्यंत. पुन्हा आवाज आला नाही.

सकाळी मजुरांनी कुणाला न विचारता पहारीनं तुडुम फोडला. पाणी पाटातून धावलं... आणि टोकाला अडलं.

तिथं ताज्या चिखलाचा बांध होता. त्यावर हाताचा ठसा. करंगळी नसलेला.

मामीची करंगळी धान कापताना विळ्यानं गेली होती.

आता तिथं सडक आहे. मामा अजूनही रोज संध्याकाळी जाऊन विचारतो. एकटाच.

परवा मी सोबत गेले. ठरवलंच होतं, आज जबाब मीच देणार. शाळेच्या नाटकात माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो!

मामानं हाक दिली. मी तोंड उघडलं...

ओठांवर गार, ओला तळवा आला.

मी बोटं मोजली.

चारच.

मामाला काही दिसलं नाही. तो म्हणाला, "बांध झाला नसन अजून. बस."

मी बसले. घरी येऊन तोंड कितीदा धुतलं... चिखलाची चव जात नाही.