चार नंबरची नळी

माणसाने बांधलेली प्रत्येक भिंत एक ना एक दिवस माणसाला जाब विचारते.

हे वाक्य मी मेव्हण्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भाषणात म्हणणार होतो. माइक बिघडला आणि जेवण वाढलं. वाक्य शिल्लक राहिलं, ते इथे वापरून टाकलं. पुढचं मात्र अक्षरन् अक्षर घडलेलं आहे. माझ्या डोळ्यांदेखत. आणि मोतीबिंदू काढल्यापासून माझे डोळे उत्तम आहेत.

भुतं रात्री येतात असा समज आहे. आमचं ऑफिसच्या वेळेत आलं. मंगळवार, दुपारचे पावणेचार. लख्ख ऊन.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एका कारखान्याने स्वतःपुरतं बांधलेलं मातीचं छोटं धरण आहे, तिथे तो देखरेखीला. धरणाच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाने, कामगारांची सत्तावीस घरं. पहिलं घर मेव्हण्याचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धरणाची भिंत दिसते. दुसरं काही दिसतच नाही.

त्या भिंतीच्या उतारावर सहा लोखंडी नळ्या उभ्या पुरल्या आहेत. मनगटही आत जाणार नाही इतक्या अरुंद. भिंतीच्या पोटात पाणी किती चढलंय ते त्यातून कळतं. पितळी वजन बांधलेली पोलादी पट्टी आत सोडायची. वजन पाण्याला टेकलं की खालून आवाज येतो...

टप्प.

पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. आकडा जितका लहान, तितकं पाणी वर आलेलं. चार मीटरच्या आत आलं तर तळाचा दरवाजा उघडून तलाव उतरवायचा. हे रोज करायचं.

मेव्हणा रोज करत नसे.

आधी हे मोजायचं काम पॉइंटकाका करायचे, मेव्हणा फक्त दरवाजाची तपासणी करायचा. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. "कसे आहात काका?" म्हटलं, तर "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार" असं उत्तर द्यायचे. वर्षापूर्वी त्यांना चार नंबरच्या नळीत तीन पॉइंट नऊ सहा मिळालं. ते तडक वर गेले आणि दरवाजाचं हॅंडल फिरवू लागले.

ते हॅंडल विहिरीच्या रहाटासारखं आहे. उलटं फिरू नये म्हणून त्याला एक खुंटी असते. ती झिजली होती. दरवाजा अर्ध्यावरून खाली कोसळला, हॅंडल गरकन उलटं फिरलं आणि काकांच्या डोक्याचं जे झालं ते मी लिहीत नाही. केबिनची भिंत धुणाऱ्याने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली.

तपासणीच्या कागदावर 'खुंटी ठीक' असं लिहिलेलं होतं.

त्यावर घरात कुणी बोलत नाही. अक्षर मेव्हण्याचं आहे.

तर मंगळवार. दुसऱ्या दिवशी तपासणीला इंजिनीअर येणार आणि वहीत एकवीस दिवस कोरे. आम्ही नवराबायको चार दिवस पाहुणे म्हणून गेलेलो.

"भाऊजी, तुमचं अक्षर बरं आहे."

"अक्षर बरं आहे रे. आकडे कुठून आणू?"

"आयुष्यभर पेपरात लिहिलंत, ते कुठून आणलंत?"

म्हणणं रास्त होतं. मी बसलो आणि एकवीस दिवस लिहून काढले. सहा नंबरच्या नळीत मधेच एक सेंटिमीटर वाढवला. पात्रांना थोडा स्वभाव लागतो.

फक्त आजची ओळ राहिली, तेवढ्यात मेव्हण्याची बायको चहा घेऊन आली.

"आजचा तरी खरा मोजा. ओढ्याचं पाणी सकाळपासून या चहासारखं दिसतंय."

"वर पाऊस झाला असेल."

"एक ढग दाखवा."

ढग दाखवता येईना. म्हणून आम्ही उठलो.

भिंतीच्या पायथ्याशी पाझराचं डबकं आहे. एरवी बेडकांचा तिथे इतका गोंगाट की बोललेलं ऐकू येत नाही.

त्या दिवशी एकही बेडूक नव्हता.

मेव्हण्याने चार नंबरच्या नळीचं झाकण काढलं. पट्टी हाताला दोन वेढे देऊन धरायची त्याची सवय. सोडत गेला. चार मीटर. पाच. सहा.

टप्प नाही.

दहा. बारा.

"नळी किती खोल आहे?" मी विचारलं.

"बारा."

पट्टी जातच होती... तेरा... चौदा... पंधराला पट्टी संपली. मेव्हणा माझ्याकडे बघून ओशाळं हसला.

आणि खालून कुणीतरी ती ओढली.

गळाला मासा लागावा तशी नव्हे. बैलाने दावं ओढावं तशी. पट्टीचे वेढे तळव्यात हाडापर्यंत रुतले आणि मेव्हण्याचं तोंड नळीच्या लोखंडी काठावर आदळलं. दोन दात तिथेच पडले. पुन्हा हिसका. पुन्हा तोंड. तिसऱ्या हिसक्याला वेढे सुटले, पट्टी सळसळत आत गेली आणि तिच्याबरोबर तळव्याचं कातडंही गेलं.

मग शांतता.

मग खूप खोलवरून...

टप्प.

मग जरा वरून. टप्प. आणखी वरून. टप्प. नळीतून कुणी पायऱ्या चढत यावं तसं...

काठाशी येऊन थांबलं. आणि नळीतून पाणी उसळलं. गढूळ.

पाझर स्वच्छ असेल तर भीती नसते. गढूळ पाणी म्हणजे भिंतीची माती आतून वाहून चालली आहे. हे मलाही माहीत होतं.

"ताई खाली आहे," मेव्हणा म्हणाला. ओठ फाटलेले, शब्द रक्तातून येत होते.

मी पळता पळता बायकोला फोन लावला. "सगळ्यांना घेऊन टेकडीवर चढा. आत्ताच्या आत्ता."

"गॅसवर दूध आहे."

"उतू जाऊ दे."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझं ऐकलं.

दरवाजाची केबिन भिंतीच्या माथ्यावर. काका गेल्यापासून तिला कुलूप. ते कुलूप पायरीवर पडलं होतं.

बंदच होतं. किल्ली मेव्हण्याच्या खिशात.

आत हॅंडल. त्याच्यामागे खुंटी. झिजून बोरीच्या बीसारखी गोल झालेली.

"ही बदललीस ना तू?"

"कागदावर."

पण आता वाद घालायला वेळ नव्हता. मेव्हण्याने हॅंडल धरलं. ते रक्ताने निसटू लागलं, म्हणून मीही हात घातला.

माझ्या हाताखाली हात होता.

मेव्हण्याचा नव्हे. त्याचे दोन्ही मला दिसत होते. हा गार होता, ओला होता, आणि त्याची पकड सवयीची होती.

मी हात काढला नाही. काढावासा वाटला, पण तो ऐकेना.

फिरवलं. दोघं ढकलत होतो, फिरवत तिसराच होता. खाली पाणी घुमू लागलं. खिडकीतून टेकडी दिसत होती. सत्तावीसही घरांची माणसं चढली होती. सर्वांत मागे आमची ही, हातात दुधाचं पातेलं.

दरवाजा पूर्ण वर गेला. मी हात सोडला. मेव्हण्याने सोडला नाही.

"काका," तो म्हणाला, "खुंटी मी बघितलीच नव्हती. नुसतं लिहिलं."



मग हॅंडल उलटं फिरलं. एकच फेरा. मेव्हण्याचा उजवा हात कोपरात असा वळला की तळवा पाठीकडे बघू लागला. ओलं लाकूड फोडावं तसा आवाज झाला. हाड सदऱ्यातून बाहेर आलं. परतीच्या फटक्याने बरगड्या गेल्या आणि तो भिंतीवर जाऊन आदळला. तिथेच, जिथे वर्षापूर्वी धुतलं होतं.

हॅंडल थांबलं.

दरवाजा वरच राहिला. दोन टन लोखंड, आणि त्याला धरून काहीही नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअर आले. त्यांना भिंतीच्या पोटात पोकळी सापडली. माणूस उकिडवा बसेल एवढी. आणखी दोन तास तलाव भरलेला राहता तर सत्तावीस घरांपैकी एकही उरलं नसतं, म्हणाले. दरवाजा कशावर उभा राहिला, हे विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

मग त्यांनी वही मागितली.

मी लिहिलेल्या एकवीस ओळी आडव्या रेघेने कापलेल्या होत्या. मंगळवारची ओळ मी कोरी सोडली होती. तिथे चार नंबरच्या नळीखाली बारीक, उभ्या अक्षरात आकडा होता. पॉइंट चांगला ठसठशीत.

०.००

वेळ, पावणेचार.

मेव्हण्याचा हात पुन्हा लिहिण्याजोगा होणार नाही. तो डाव्या हाताने लिहायला शिकतोय, आणि रोज मोजतो. त्याने एकाच कागदावर खोटं लिहिलं होतं. मी एकवीस ओळी लिहिल्या. माझा उजवा हात अजून धड आहे. न्हाणीघरातला नळ मी तीनदा बदलून घेतला. तरी पावणेचारला आवाज येतोच.

असो. एक छोटीशी विनंती आहे. त्या पोकळीत पट्टी सापडली नाही. पंधरा मीटरची, पोलादी, टोकाला पितळी वजन. कुणाच्या नळीतून, मोरीतून बाहेर येताना दिसली तर कृपया कळवा. स्टोअरकीपर रोज विचारतो.